बळीरामचं अर्धं विमान

तांडापेठ, नागपूर
८ नोव्हेंबर १९८१

पुष्पलता,

तुझ्या नावाआधी काय लिहावं ते ठरत नव्हतं. बळीराम होता तेव्हा 'चि. सौ.' लिहिता आलं असतं, पण तेव्हा मी पत्रच लिहिलं नाही. आता जे लिहायची रीत आहे ते माझ्या हातून उतरत नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. राग मानू नये.

भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोला पत्र लिहायचं आपल्यात चालत नाही, हे मला माहीत आहे. तुझ्या लग्नापासून आपण एकमेकांशी सरळ बोललो नाही. काही सांगायचं असलं की तू तुझ्या जावेला, सुभद्राला सांगायचीस आणि ती मला. पण आता तू माहेरी, भिवापूरला आहेस आणि सुभद्राला लिहिता येत नाही.

कारण असं की कोराडीचं क्वार्टर रिकामं करून तुझे भाऊ मनोहरराव सामान घेऊन निघाले, तेव्हा एक लाकडी पेटी माझ्या दारात उतरवून गेले. म्हणाले, ताई ही पेटी नको म्हणते. दिवाळी होईपर्यंत मी ती उघडली नाही. परवा उघडली. आत बळीरामचं विमान आहे.

तू ते रोज पाहिलं असशील. मी पहिल्यांदाच पाहिलं. धडाचा सांगाडा झालेला आहे आणि खालचा डावा पंख झालेला आहे. बाकी तीन पंख, शेपूट, चाकं, काहीच नाही. कलकत्त्याहून मागवलेला नकाशा आहे, त्यावर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. लाकूड इतकं हलकं आहे की पहिली फळी उचलताना माझा हात वर गेला. नकाशावर नाव टायगर मॉथ. एकावर एक दोन पंखांचं. आम्ही लहान असताना सोनेगावकडून असलंच विमान यायचं आणि बळीराम रस्त्यात बांधलेला मागाचा ताणा ओलांडून त्याच्यामागे पळायचा. सूत तुटायचं आणि बाबांचा मार मला बसायचा.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत तो माझ्याकडे आला होता, ते त्याने तुला सांगितलं असेल. माग सोडून कोराडीच्या वीजघरात नोकरीवर गेला म्हणून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. तरी आला. म्हणाला, पंखांवर चढवायला पातळ रेशमी कापड पाहिजे, बाजारातलं जड पडतं, विणून द्या. मी म्हणालो, खेळण्यासाठी मी माग लावत नाही. तो म्हणाला, "खेळणं नोय, दादा." सुभद्राने चहा ठेवला होता, तो न घेता गेला.

हे माझ्याकडून चुकलं. ते लिहावं म्हणून हे पत्र. दुसरं असं की, तुझी हरकत नसेल तर ते विमान मी पूर्ण करावं म्हणतो. झालं म्हणजे एकदा तू येऊन पाहावंस, एवढीच इच्छा आहे. तू परत या घराची पायरी चढावीस असं मला वाटतं. दुसरं काही मागायला मला तोंड नाही.

तेराव्याच्या दिवशी निरोपावरून जे झालं, त्याबद्दल आज लिहीत नाही.

रुपराव


१३ डिसेंबर १९८१

पुष्पलता,

उत्तर आलं नाही. नको म्हणून लिहिलं नाहीस, तेव्हा मी कामाला लागलो.

हे काम मला वाटलं त्यापेक्षा अवघड आहे. एका पंखात अकरा फासळ्या. प्रत्येक फासळी आगपेटीच्या पट्टीएवढ्या जाडीच्या फळीतून अर्ध्या ब्लेडने कापायची. लाकडाच्या रेषेविरुद्ध ब्लेड गेलं की फासळी मोडते. पहिल्या दिवशी एकवीस कापल्या, त्यांतल्या चार कामाच्या निघाल्या. माझ्या हाताला सुताची सवय. सूत तुटलं तर गाठ मारता येते.

चार रविवार खपून खालचा उजवा पंख तयार केला. बळीरामचा डावा पंख समोर ठेवायचा आणि तसाच्या तसा करायचा. मापात कुठे केसाचा फरक नव्हता. धडाला लावून पाहिला तर पंखाची पुढची बाजू मागे आली. मी दुसरा डावा पंखच केला होता. लुगड्याचे दोन्ही काठ सारखे विणायचे, एवढं आयुष्यभर केलेलं. डोळ्यांना ते दिसलंच नाही.

त्याच वेळी भैयाजी दारात येऊन उभा राहिला. त्याचं नाव वाचून तू पत्र बाजूला ठेवशील, पण ठेवू नकोस. बळीरामच्याच खात्यात तो मीटर दुरुस्त करतो आणि विमानाचा नाद दोघांनी बरोबर लावून घेतला होता. इंजिन त्याच्या कपाटात होतं, ते फडक्यात बांधून घेऊन आला. कोराडीच्या बसने आला होता, अंगावर राख होती. मी त्याला बैस म्हणू शकलो नाही. सुभद्राने म्हटलं.

तो माझे दोन्ही डावे पंख हातात घेऊन बघत राहिला. मग हसला. मला वाटलं टोमणा मारेल. तो म्हणाला, "दादा, बळीरामनंबी पहिल्या बारीले हेच केलं होतं. दोन महिने कोनाले सांगितलं नाही." नकाशाच्या कागदाला खोबरेल चोळलं की रेघा मागच्या बाजूला दिसतात आणि उलटा नकाशा मिळतो, हे त्याने दाखवलं. दोन तास बसला. निरोपाचा विषय त्याने काढला नाही.

तू त्याला तेराव्याला सर्वांदेखत बोललीस, की माझ्या नवऱ्याचा शेवटचा निरोप तू गिळलास. तेव्हा त्याने मान खाली घातली होती. दर रविवारी येईन म्हणाला आहे. मी नको म्हणालो नाही.

सुभद्रा बरी आहे. माझ्याशी बोलणं तिने कमी केलं आहे. ताट वाढते आणि आत जाते.

रुपराव


१७ जानेवारी १९८२

पुष्पलता,

कापड विणलं.

बळीरामने मागितलं होतं तसं. काठासाठी येतं त्याहून बारीक रेशीम मिळवायला इतवारीत आठ दुकानं फिरलो. एकेरी तार, मागाच्या फणीत विरळ भरलेली. धोटा टाकताना श्वास सोडला तरी तार हलायची. दिवसाला चार-पाच बोटं. असलं कापड आमच्या घरात कोणी विणलेलं नाही, कारण ते कोणी नेसू शकत नाही.

समोरचे नत्थूजी तुला आठवत असतील, बाबांच्या वयाचे, ओट्यावर बसून साऱ्या गल्लीला बोलतात ते. रोज येऊन मागाशी उभे राहायचे. "काहून गा रुपराव, मच्छरदानी करून राहिला का?" मी सांगितलं, विमानाला आहे. त्यांनी गल्लीभर केलं. आता जो तो विचारतो. काल म्हणाले, "इमान झालं का मले उमरेडले सोडून देजो. पोरीकडे जाचं हाय." मी म्हणालो, तिकीट लागेल. म्हणाले, "मांडीवर बसीन, लेकराचं अर्धं घेजो." सुभद्रा आत हसली. पुष्कळ दिवसांनी ऐकू आलं.

कापड उतरवून मी उजेडाकडे धरलं. पलीकडची खिडकी, तिचे गज, गजांवरचा पक्षी, सगळं दिसत होतं. भैयाजीने ते तराजूत टाकलं आणि बराच वेळ काटा पाहत राहिला. मग बाहेर जाऊन उभा राहिला.

दोन वार विणायला मला एकोणीस दिवस लागले. त्या दिवाळीला होय म्हणालो असतो तर संक्रांतीला त्याच्या हातात असतं.

चारही पंखांचे सांगाडे झाले आहेत. या वेळी दोन डावे, दोन उजवे.

रुपराव


१४ फेब्रुवारी १९८२

पुष्पलता,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकीट फोडलं आणि सुभद्राला शिंका सुरू झाल्या. तुमच्याकडे मिरची वाळायला पडली असेल. नत्थूजींनीही शिंकून घेतलं आणि म्हणाले, भिवापूरचं पत्र आलं वाटते.

तू चारच ओळी लिहिल्यास, पण माझ्यासाठी पुष्कळ आहेत. एकदा उडताना पाहायला येईन, असं लिहिलंस. सुभद्राच्या घरी रात्र राहीन, असंही लिहिलंस. ती ओळ मी सुभद्राला दोनदा वाचून दाखवली. पुढची ओळही वाचली, की भैयाजी तिथे असता कामा नये, त्याचं तोंड पाहायचं नाही. सुभद्रा उठून आत गेली.

तुझ्या अटीबद्दल खाली लिहितो. आधी पंखांचं सांगतो, कारण त्यात माझी मोठी चूक झाली.

कापड चढवायची पाळी आली तेव्हा भैयाजीला रात्रपाळी होती, तो दोन रविवार येणार नव्हता. तो सांगून गेला होता की मी आल्यावर चढवू. मला धीर धरवला नाही. कापड माझं, मला कोण काय शिकवणार, असं मनात होतं. ताणा जसा ओढून धरतात तसं कापड चहूबाजूंनी ओढून चिकटवलं. सुरकुती नाही, झोळ नाही, ढोलकीसारखं वाजत होतं. वरून खळीचा हात दिला. तुझ्या माहेरी माग कधीच सुटला, म्हणून सांगतो, खळ म्हणजे शिजवलेल्या तांदळाची पेज. सुताला ती पाजली की सूत ताठ होतं. रात्री चारही पंख भिंतीला टेकवून झोपलो.

सकाळी चारही वाकडे झाले होते. वरचा उजवा पंख तर पिळलेल्या फडक्यासारखा. आतल्या सहा फासळ्या मोडल्या होत्या. खळ सुकताना कापडाने अंग आवळलं, आणि आधीच ओढलेलं असल्यामुळे त्याला आवळायला लाकडाशिवाय काही उरलं नव्हतं.

भैयाजी आला. पंख हातात घेऊन त्याने डोळ्याच्या रेषेत धरले. म्हणाला, "दादा, हे लुगडं नोय. याले ढिलं सोडा लागते. वरून पाण्याचा फवारा मारला का ते आपल्या हातानं ताठ होते. तुमी काहून ओढता?"

आमच्या घरात वस्तू ढिली ठेवलेली मी पाहिलेली नाही.

त्याने कापड वाफेवर धरून हळूहळू सोडवलं, त्यामुळे कापड वाचलं. मोडलेल्या फासळ्या मी नव्याने कापतो आहे. आता ब्लेड बरं चालतं.

आता तुझी अट. मी ती भैयाजीला सांगितली. सांगायला मला आठवडा लागला. तो म्हणाला, "मंग मी नाही येत. तुमी बलावा वहिनीले. उडवाले मी तुमाले शिकवतो."

त्यावर मी बरं म्हणालो.

रुपराव


७ मार्च १९८२

पुष्पलता,

पंख झाले. या वेळी रेशीम सैल अंथरलं, कडेने फक्त चिकटवलं. सगळीकडे सुरकुत्या होत्या, मला बघवत नव्हतं. मग तोंडात पाणी घेऊन त्यावर फुंकलं, इस्त्रीवाला करतो तसं. अर्ध्या तासात एकेक सुरकुती गेली. मी समोर बसून होतो. कोणी हात लावला नाही आणि कापड सरळ झालं. वरून खळीऐवजी भैयाजीने आणलेला वासाचा लेप दिला. त्या वासाने सुभद्राचं डोकं दुखतं म्हणून गच्चीवर दिला.

आता पंख हातात घेतला की आतल्या फासळ्या दिसतात. बळीरामने केलेल्या आणि मी केलेल्या ओळखू येत नाहीत. हे बढाई म्हणून लिहीत नाही. मी खरंच शोधल्या.

उडवायला शिकतो आहे. विमानाच्या डाव्या पंखातून दोन तारा निघतात, त्यांचा दांडा आपल्या मुठीत. आपण मधे उभं राहून गरगर फिरायचं, विमान आपल्याभोवती फिरतं. मनगट वर केलं की वर, खाली केलं की खाली. भैयाजीकडे एक जुनं मोडकं विमान आहे, त्यावर कोराडीच्या मैदानात सराव करतो. पहिल्या दिवशी चार फेऱ्यांतच मी बसलो आणि ओकलो. गल्लीत परत आलो तेव्हा पाय सरळ पडत नव्हते. नत्थूजी म्हणाले, "बावन वर्षं दारूले हात नाही लावला आन् आता सुरू केली का गा?" आता दहा फेऱ्या जमतात.

११ एप्रिल, रविवार, असं ठरवलं आहे. सकाळी वारा नसतो. तू शनिवारी यावंस. सुभद्रा बसस्टँडवर येईल. भैयाजी त्या दिवशी कामठीला बहिणीकडे जाणार आहे.

सगळं तुझ्या मनासारखं होईल.

रुपराव


२१ मार्च १९८२

पुष्पलता,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे. फाडायच्या आत टपालात टाकणार आहे.

भैयाजीने तुझ्या नवऱ्याचा निरोप गिळला नाही. तो आला होता. निरोप मला मिळाला होता.

शनिवार होता, २९ ऑगस्ट. त्याआधी अकरा दिवस सारखा पाऊस होता. पाजणी खोळंबली होती. पाजणी म्हणजे ताण्याचं सूत गल्लीत लांबच लांब ताणून त्याला कुंच्याने खळ पाजायची आणि उन्हात सुकवायची. एकदा खळ लावली की सोडता येत नाही. मधेच सोडलं तर सूत एकमेकाला चिकटतं आणि सगळा ताणा वाया जातो. त्या सकाळी ऊन पडलं. आठ वाजता आम्ही ताणा लावला. नऊला भैयाजी आला. म्हणाला, बळीरामला कावीळ झाली आहे, डॉक्टर बरं बोलत नाहीत, त्याने तुम्हाला बोलावलं आहे, आत्ता चला. माझ्या हातात कुंचा होता. मी म्हणालो, हे झालं की येतो. सुभद्रा चुलीवर खळ शिजवत होती. तिने त्याला पाणी दिलं. तो पाणी पिऊन गेला.

चार वाजता पाजणी झाली. मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, गोळीबार चौकापर्यंत गेलो. तिथून परत आलो. सकाळी बोलावलं आणि दिवस मावळायला आलो, तर तो काय म्हणेल, असं वाटलं. तीन वर्षं मी त्याच्याशी धड बोललो नव्हतो. पहिला शब्द काय बोलायचा तेही ठरत नव्हतं. म्हटलं उद्या सकाळी जाऊ. रविवारी वाटलं, काल गेलो नाही, आज कोणत्या तोंडाने जाऊ. सोमवारी दोन दिवसांची लाज झाली. मंगळवारी तीन. पुष्पलता, याला दुसरं काही कारण नाही. मी रोज मागावर बसत होतो.

गुरुवारी सुभद्रा म्हणाली, तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते. तेव्हा निघालो. दवाखान्यात आलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. तू पलंगाशी बसली होतीस, डोक्यावर पदर नव्हता, तुला भान नव्हतं. भासऱ्याने अशा वेळी आत जायचं नसतं म्हणून मी दारातून परत फिरलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो. रात्रभर तिथेच होतो. रिवाज होता हे खरं, पण मला तो त्या वेळी सोयीचाही वाटला. शुक्रवारी पहाटे तो गेला. त्याच्या अंगाला माझा हात लागला तो तिरडीवर.

तेराव्याला तू दाराआडून सुभद्राला म्हणालीस, विचारा त्यांना, निरोप मिळाला नव्हता का. सुभद्राने सर्वांसमोर मला विचारलं. तिने स्वतः भैयाजीला पाणी दिलं होतं. तिला उत्तर माहीत होतं. तिने मला एक संधी दिली होती, हे मला आज कळतं. मी म्हणालो, नाही. एवढा एकच शब्द. त्यानंतर तू भैयाजीला जे बोललीस ते त्याने ऐकून घेतलं.

हे मी आज का लिहितो तेही सांगतो. नाहीतर तुला वाटेल, तू यायची वेळ आली म्हणून घाबरलो. उलट आहे. लिहिलं नसतं तर तू आली असतीस.

मागच्या रविवारी भैयाजी दोन पंखांमधल्या तारा ताणून बसवत होता. गल्लीत नत्थूजींच्या घरची पाजणी होती. तो दारातून बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, हे अर्ध्यातून सोडता येत नाही ना?" मी नाही म्हणालो. मग त्याने काम न थांबवता सांगितलं. त्या शनिवारी तो दवाखान्यात परत गेला तेव्हा तू औषधाला खाली गेली होतीस. त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहितो.

"बळीरामनं इचारलं, दादा भेटले का. मी म्हटलं भेटले, गल्लीत ताणा लावून राहिले होते. तर तो हसला. म्हणे, आज ऊन पडलं ना, मंग पाजणीच असन. सोडून कसे येतीन. झाली का येतीन."

मी विचारलं, मग रोज विचारायचा का.

"नाही. त्याच्यानंतर एक बारीबी इचारलं नाही. सकाळी उठला का खिडकीतून ऊन पाहे."

पुष्पलता, त्या आठवड्यात रोज ऊन होतं.

मी भैयाजीला विचारलं, तेराव्याला तू गप्प का राहिलास. म्हणाला, "त्यानं तुमाले धरलं नाही, मंग मी काहून धरू?" आणि तार बसवू लागला. नंतर म्हणाला, "पन वहिनी बोलली ते लागलं, दादा. खोटं काहून बोलू." तेवढंच बोलला.

तीन महिने तो माझ्या घरी येऊन माझ्या हाताला वळण लावत होता आणि मी त्याला कामठीला पाठवायला निघालो होतो.

११ तारखेला तो मैदानात असेल. मीही असेन. तू यावंस की नाही ते आता मी म्हणू शकत नाही. हे पत्र मी सुभद्राला वाचून दाखवलं. ती रडली नाही. पाकीट तिने बंद केलं.

रुपराव


१८ एप्रिल १९८२

पुष्पलता,

तुझं कार्ड मिळालं. 'विमान पाठवा. तुम्ही येऊ नका. पत्र लिहू नका.' समजलं. विमान पाठवायचं म्हणून हे एवढं लिहावं लागतं आहे.

भैयाजीला तू वेगळं पत्र टाकलंस, ते त्याने मला वाचायला दिलं. मी घेतलं नाही. ते त्याचं आहे. तो दिवसभर खिशात ठेवून फिरत होता, एवढं मला दिसलं.

पुढच्या रविवारी तोच विमान घेऊन भिवापूरला येईल. वरचे पंख वेगळे करून फडक्यात गुंडाळले आहेत. जोडायचे कसे ते तो दाखवेल. मिरचीच्या खोलीत ठेवू नकोस, रेशमाला ती धूळ धरेल. उन्हातही नको. कधी पंख सैल पडलेला दिसला तर घाबरू नकोस, पाण्याचा हलका फवारा दे आणि बाजूला हो. मोठी हवा आली तर पंखाच्या टोकाला धरू नकोस, धडाला धर. बाकी काही करावं लागत नाही.

तू पाहिलं नाहीस म्हणून कसं उडालं ते लिहितो. मग थांबतो.

सकाळी सहाला मैदानात गेलो. मी, सुभद्रा, भैयाजी. नत्थूजी पांढरी टोपी घालून बसने आले होते. दोन वेळा इंजिन लागलं नाही. भैयाजीच्या बोटाला पंख्याचा फटका बसला, रक्त आलं. तिसऱ्या वेळी लागलं. दांडा मी भैयाजीकडे दिला होता. म्हणालो, हे तुझं आणि त्याचं आहे. त्याने तो परत माझ्या मुठीत ठेवला आणि जाऊन शेपूट धरून उभा राहिला.

मी मान हलवली. त्याने सोडलं. दहा-बारा हात गवतावरून उड्या मारत गेलं, आणि मग उड्या थांबल्या. ते उठलं तेव्हा मला आवाज ऐकू आला नाही, हाताला कळलं. तारा ओढू लागल्या. इतक्या हलक्या वस्तूला इतकी ओढ असेल असं मला वाटलं नव्हतं. सूर्य समोर आला की पंखांतून फासळ्या दिसायच्या, पाठीमागे गेला की दिसायच्या नाहीत. मी काही केलं नाही. मनगट सरळ ठेवलं आणि फिरत राहिलो. नत्थूजी मोजत होते. एकवीस म्हणाले आणि पुढे मोजायचं विसरले.

मग तेल संपलं. आवाज थांबला तरी अर्धी फेरी ते तसंच ओढत होतं. मग खाली आलं, चाकं टेकली, गवतात पुढे जाऊन उभं राहिलं. कुठे मोडलं नाही. तारा जमिनीवर पडल्या.

भैयाजी धावत माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, उतरलं." मी म्हणालो, हो. तो म्हणाला, मंग सोडा ना आता. मी सोडतोच आहे म्हणालो, पण मूठ उघडत नव्हती. त्याने माझा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट उघडलं.

रुपराव